विषय: तळघरातल्या कॉम्प्युटरला दुसरा प्रोसेसर बसेल का?

मंडळी, नमस्कार.
गणेशोत्सवातल्या जुन्या नाटकांच्या कॅसेटी डिजिटल करायचं काम ज्या देणगीतल्या वर्कस्टेशनवर चाललंय, ते न्यू जर्सीतल्या एडिसनला काकूंच्या तळघरात आहे. एक नाटक कन्व्हर्ट व्हायला अख्खी रात्र जाते. आत आणखी एका प्रोसेसरची जागा असेल, असं कोणीतरी म्हणालं. मी आता डॅलसला, लांबूनच बघायला हवं. त्यावर उबुंटू (लिनक्स) आहे, एसएसएचने म्हणजे लांबून कमांड देऊन आत शिरता येतं. प्रोसेसर मोजणारी ‘एनप्रॉक’ कमांड चालवली तर १२ आलं. बारा असताना तेरावा कशाला?
– खजिनदार

खजिनदारसाहेब, ते बारा थ्रेड आहेत, म्हणजे एका वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या रांगा; चिपा नव्हेत. प्रोसेसरची माहिती देणारी ‘एलएससीपीयू’ कमांड चालवा. सॉकेट (चिप बसते ती जागा) किती, सॉकेटमागे कोअर (चिपमधले काम करणारे भाग) किती, कोअरमागे थ्रेड किती, एवढ्या तीनच ओळी बघा. आणि ‘यूनेम’ कमांडच्या उत्तरात एसएमपी दिसलं म्हणून हुरळू नका. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अनेक प्रोसेसर सांभाळू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या साध्या लॅपटॉपवरही ते दिसतं.
– वेबसाइटवाला

एक, सहा, दोन. म्हणजे चिप एकच. पण शेजारी जागा आहे की नाही, ते कुठे कळलं?
– खजिनदार

तिथेच गोम आहे. एलएससीपीयूला रिकामं सॉकेट दिसत नाही. त्यासाठी बायोसने (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमने) भरून ठेवलेली यादी वाचावी लागते: सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने, ‘डीएमआयडीकोड’, प्रकार प्रोसेसर. दुसऱ्या नोंदीपुढे ‘अनपॉप्युलेटेड’ असेल तर जागा आहे आणि मोकळी आहे. मात्र एचपी झेड६२० सारख्या यंत्रात दुसरा प्रोसेसर वेगळ्या बोर्डावर बसतो, तिथे या यादीवर भिस्त नको. चिपचं नावही कळवा. इंटेलची झिऑन ई५ असेल तर पुढच्या चार आकड्यांतला पहिला बघायचा. १ असेल तर ती एकटीच चालते, २ असेल तर जोडीनेही चालते.
– वेबसाइटवाला

ई५-२६२०. नोंदी दोन, दुसरी अनपॉप्युलेटेड!
– खजिनदार

अरे, मला फोन केला असतात तर? यांनी झाकण उघडून पाहिलं. काळं प्लास्टिक लावलेला एक चौकोन आहे, त्याच्या शेजारचे रॅमचे खाचेही रिकामे आहेत. प्लास्टिक काढून बघू का?
– तळघराच्या मालकीणबाई

काकू, नका काढू! खाली सॉकेटच्या पिना आहेत, वाकल्या तर बोर्डच गेला. ते खाचे दुसऱ्या प्रोसेसरचे आहेत, तो बसेपर्यंत तिथली रॅम चालणार नाही. म्हणजे चिप हुबेहूब तीच, वर हीटसिंक (चिप थंड ठेवणारा भाग) आणि रॅम, एवढा खर्च आला. (विंडोज १० होम टाकायचं कोणाच्या मनात असेल तर ते एकच सॉकेट वापरतं, प्रो दोन.) खजिनदार, पैसे काढण्याआधी नाटक कन्व्हर्ट होताना ‘एचटॉप’ उघडा, त्यात प्रत्येक थ्रेडवरचा भार पट्टीने दिसतो. बारा पट्ट्यांपैकी किती भरतात?
– वेबसाइटवाला

एक. अकरा बसून आहेत. म्हणजे अडचण प्रोसेसरची नाही, प्रोग्रॅमची. खरेदी रद्द, आता दुसरा प्रोग्रॅम सुचवा.
– खजिनदार