पालक म्हणून काका आहेत, पण भावाच्या पेन्शनचा हिशेब लागत नाही

निशिगंध : चुलतभाऊ 38 वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता 75 टक्के. वडील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होते. आईवडील गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन त्याला सुरू झालं. धाकटे काका कायदेशीर पालक आहेत आणि एटीएम कार्ड त्यांच्याकडेच असतं. पेन्शन जमा झाली की दोन दिवसांत खातं रिकामं होतं. वडिलांनी त्याच्या नावे ठेवलेली मुदत ठेव मोडली गेली आणि फिटच्या गोळ्यांत खंड पडतोय. आता गावच्या जमिनीतला त्याचा हिस्सा विकायची बोलणी सुरू आहेत. बँक म्हणते, तुम्ही खातेदार नाही. थेट पोलिसांत जावं का?

कृष्णाकाठ : काकांची नेमणूक कोणत्या कागदाने झाली, ते आधी बघा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999 आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. तसं प्रमाणपत्र असेल तर तुमचं काम बरंच सोपं होतं. (स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार या कायद्यात येत नाही, तिथे न्यायालयातच जावं लागतं.)

कलम 16 नीट वाचा. नेमणुकीपासून सहा महिन्यांत पालकाने सगळ्या मालमत्तेची, येण्याची आणि देण्याची यादी द्यायची असते. पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च आणि शिल्लक सादर करायची. बरेच पालक एकदा प्रमाणपत्र मिळाल्यावर हे विसरतात आणि कुणी मागतही नाही. म्हणून समितीला लेखी अर्ज द्या की हे हिशेब आले आहेत का ते तपासा आणि नसतील तर मागवा. अर्जाची पोच घ्या. माहिती अधिकारात मागू नका, त्रयस्थाची वैयक्तिक माहिती म्हणून बहुधा नाकारतील.

हिशेब आला नाही किंवा जुळला नाही, तर कलम 17. पैशाचा अपहार किंवा हेळसांड होत असेल तर नातेवाईक किंवा न्यासाकडे नोंदणी असलेली संस्था पालक हटवण्याचा अर्ज करू शकते. समिती चौकशी करते, काकांचं म्हणणंही ऐकून घेते. हटवलेल्या पालकाला मालमत्तेचा ताबा आणि आलेल्या-गेलेल्या पैशाचा हिशेब द्यावाच लागतो.

पासबुक : एक धोका सांगतो. रागाच्या भरात ‘खातं गोठवा’ असा अर्ज बँकेला देऊ नका. पेन्शन त्याच खात्यात येते. खातं बंद पडलं तर औषधं आणि जेवण भावाचंच थांबेल. शाखेला लेखी कळवा की पालकत्वाबद्दल समितीकडे तक्रार आहे, उरलेल्या ठेवी मोडण्यापूर्वी प्रमाणपत्र तपासावं. बँक तुम्हाला उत्तर देणार नाही, पण पत्र दप्तरी राहतं. खातेउतारा समितीने मागवावा, अशी विनंती अर्जातच करा.

आणि प्रत्येक काढलेली रक्कम म्हणजे चोरी नव्हे. एका घरात राहणाऱ्याचा किराणा, वीज, दूध यांतला वाटा त्याच्या पैशातून जाणं रास्त आहे. ठेव मोडून पैसा गेला कुठे, पेन्शन येत असताना गोळ्या का थांबल्या, असे प्रश्न मांडा. औषधाच्या चिठ्ठ्या, मेडिकलची बिलं, ठेवीच्या पावतीचा फोटो तारखेनिशी जोडा. पासबुक हिसकावून आणू नका.

बांधावरून : जमिनीचं आजच बघा, बाकी थांबू शकतं. सातबारा आणि फेरफार काढा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गट नंबर टाकून दस्त झालाय का ते पाहा. फेरफार नोंद धरली असेल तर नोटिशीपासून 15 दिवसांत लेखी हरकत तलाठ्याकडे द्यावी लागते. ती मुदत चुकली की पुढे अपिलाचा फेरा. दिव्यांग हक्क अधिनियम 2016च्या कलम 13प्रमाणे एखाद्या व्यवहारात हितसंबंध आड येत असतील तर आधार देणाऱ्याने त्या व्यवहारापासून दूर राहायचं असतं. जमीन घेणारा काकांचाच मुलगा असेल तर हे ठळक लिहा.

निशिगंध : प्रमाणपत्र समितीचंच आहे. पण काकांना हटवलं तर तो राहणार कुठे?

कृष्णाकाठ : कलम 17चे अर्ज बहुतेक वेळा इथेच अडतात. पर्यायी पालक समोर नसेल तर समिती जुन्यालाच समज देऊन सोडते. म्हणून नव्या पालकाचं नाव, संमतिपत्र आणि राहण्याची सोय अर्जासोबतच द्या. नवा आदेश निघाला की त्याच आठवड्यात प्रती बँकेत आणि पेन्शन देणाऱ्या कार्यालयात पोचवा, नाहीतर नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्याला पेन्शन अडकेल. भावाला स्वतःला काय हवंय, तेही काकांच्या गैरहजेरीत विचारा आणि अर्जात घाला.

पोलिसांबद्दल : अपहारासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 316 आहे, पण समितीकडून हिशेब हातात आल्यावर ती फिर्याद टिकते. मात्र त्याला उपाशी ठेवत असतील, मारत असतील, किंवा गोळ्या बंद करून फिट येऊ देत असतील तर एक दिवसही थांबू नका. 2016च्या कायद्याच्या कलम 7 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांतांकडे, तक्रार द्या. त्याला तिथून सोडवण्याचा आणि सुरक्षित ठेवण्याचा आदेश ते देऊ शकतात.