नावातल्या ‘क्लिनिकल’वर जाऊ नका

ताई, भाचीला एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजीला घालू का म्हणता, तर फी भरायच्या आधी एकच विचारा: कोर्स आरसीआय-मान्य, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेला, आहे का? १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्यानुसार परिषदेच्या नोंदवहीत नाव नसेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येत नाही, अन् मान्यता नसलेल्या पदवीवर ती नोंदणीच होत नाही. सीताबर्डीतल्या एका अ‍ॅडमिशनवाल्यानं आम्हाला “सगळं सारखंच असते” सांगितलं होतं. लेकीची दोन वर्षं गेली ना बाप्पा!

मान्य संस्थांची यादी परिषदेच्या साइटवर असते. अन् हो, भाचीनं अर्जात “मला लोकांना मदत करायला आवडते” लिहिलं असेल तर खोडायला लावा. शंभरातले नव्वद तेच लिहितात. त्यापेक्षा आजीचा विसरभोळेपणा वाढत गेला तेव्हा घरात काय काय झालं, ते लिहू दे.