'चुकून मारलं' म्हणणं बंद करूया का? (अमेरिकेतले शीख आणि आपण)

खाडीवाला

परवा इथे कॅलिफोर्नियात गाडी ऑइल चेंजला टाकली. गॅरेजवाला आमचा नेहमीचा, साठीचा सरदार, मी त्याला पाजी म्हणतो आणि तो मला 'मराठे', आडनाव वेगळं आहे पण असो. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्लोरिडात ट्रकचा अपघात झाला होता बघा, हायवेवर यू-टर्न घेताना, तीन माणसं गेली आणि ड्रायव्हर शीख होता, तेव्हापासून याचा भाचा, जो स्वतः ट्रक चालवतो, ट्रक स्टॉपवर डिझेल भरायला उतरताना आधी इकडेतिकडे बघतो म्हणे. मी आपलं समजूत काढल्यासारखं म्हटलं, लोकांना कळत नाही हो पाजी, तुम्हाला भलतंच कोणीतरी समजतात. त्याने पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "इस बार तो ठीक समझ रहे हैं, सिख ही समझ रहे हैं. अब बोलो."

मला बोलताच येईना.

कारण चोवीस वर्षं आपण सगळे हेच वाक्य ऐकतोय आणि बोलतोय. १५ सप्टेंबर २००१, अ‍ॅरिझोनात मेसा गावात बलबीरसिंग सोढींना त्यांच्याच गॅस स्टेशनबाहेर गोळ्या घातल्या. सगळीकडे काय छापून आलं, तर मुसलमान समजून चुकून मारलं. आता पुढचं वाचा, त्याच माणसाने त्याच दिवशी मूळच्या लेबनॉनच्या एका कर्मचाऱ्यावर आणि एका अफगाण कुटुंबाच्या घरावर पण गोळ्या झाडल्या. त्याच्या हिशोबात काहीच चुकलं नव्हतं, त्याला जे दिसले त्यांच्यावर त्याने झाडल्या. 'चुकून' म्हटलं की बरोबर माणूस कोण होता हे न बोलता सांगून होतं आणि तो 'बरोबर माणूस' पण बिचारा पंपावर कामच करत होता.

इथल्या बऱ्याच शीख कार्यकर्त्यांनी हा शब्द जाणूनबुजून टाकून दिलाय. 'आम्ही ते नव्हे' म्हणून सुटका करून घेणं सगळ्यात सोपं होतं, सगळ्यात जास्त मार खात असताना ते केलं नाही, मला याचं फार कौतुक वाटतं. आपल्याकडचे लोक काय करतात हे मी सांगत नाही, कपाळावर टिकली लावून मॉलमध्ये जाणाऱ्या काकू २००१ मध्ये मी स्वतः बघितल्यात, एरवी कधी लावायच्या नाहीत.

तुम्हाला काय वाटतं?

पेठेतला_पाहुणा

धागाकर्त्याशी असहमत. तत्त्व छान आहे पण मार खाणाऱ्याने तत्त्व सांभाळायचं आणि आपण कौतुक करायचं हा कुठला न्याय? समोरचा रॉड घेऊन आलाय आणि तू त्याला म्हणणार का की बाबा रे, मी कोण आहे हे तुला सांगणार नाही कारण त्याने दुसऱ्याचा अपमान होईल? आधी जीव वाचवा. आणि ओळख सांगणं त्यांनीही केलंच की, २०१७ मध्ये 'वी आर सिख्स' म्हणून टीव्हीवर जाहिराती केल्या, पैसे घालून केल्या. मग हे वेगळं कसं?

खाडीवाला

@पेठेतला_पाहुणा, रॉडवाल्यासमोर काहीही बोला, मी कोण सांगणारा. मी बोलतोय ते पेपरात, कोर्टात, शाळेत काय बोलायचं त्याबद्दल. जाहिरातीत 'मी शीख आहे' असं होतं, त्यात कोणाकडे बोट नव्हतं. आणि ओळख सांगून काही होतं का ते पण बघा. २०१७ मध्ये कॅन्ससमध्ये श्रीनिवास कुचिभोटलाला बारमध्ये मारलं, तो हिंदू, तेलुगू, इंजिनिअर, डोक्याला पगडी नाही. मारणारा नंतर दुसऱ्या बारमध्ये जाऊन सांगतो की मी दोन इराणी मारले. टिकली कुठे लावणार आता?

नियम_म्हणजे_नियम

हिंसेबद्दल दुमत नाहीच, ती वाईटच. पण या संघटना हळूहळू दुसरीकडे सरकतात त्याबद्दल बोलूया का. सैन्यात दाढी पाहिजे, पोलिसात पगडी पाहिजे, कारखान्यात हेल्मेट नको. ज्या नोकरीचा जो गणवेश तो घालायचा नाहीतर दुसरी नोकरी बघायची, मी एकवीस वर्षं केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी बघतोय, दाढीवर रेस्पिरेटरचा सील बसत नाही, हे फिजिक्स आहे, यात पूर्वग्रह कुठून आला? मी माझ्या प्लांटवर मिशीवाल्या मराठा गड्याला पण दाढी करून यायला लावतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी दाढीच्या सवलती आवळायचं जाहीर केलं तर लगेच रडारड.

खाडीवाला

मुद्दा बरोबर आहे पण अर्धा. सील बसत नाही हे कारण असेल तर ते सगळ्या दाढ्यांना लागू पाहिजे ना? २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या इकनूरसिंग नावाच्या कॉलेजच्या पोराने सैन्यावर केस केली, त्याला नुसतं ऑफिसर ट्रेनिंगला नाव घालायचं होतं. तेव्हा कोर्टात बाहेर आलं की त्वचेच्या त्रासामुळे लष्कराने २००७ पासून एक लाखाहून जास्त सैनिकांना दाढी ठेवायची परवानगी दिलीये! एक लाख दाढ्या चालतात आणि कॉलेजच्या पोराच्या दाढीने शिस्त मोडते, २०१५ मध्ये जज बाईंनी पोराच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी कॅप्टन सिमरतपालसिंग, वेस्ट पॉइंटच्या सैनिकी अकादमीत शिरताना पहिल्या दिवशी केस-दाढी काढावी लागलेला, अफगाणिस्तानात ब्राँझ स्टार मिळवलेला, त्याला म्हणाले तुझी गॅस मास्कची स्पेशल टेस्ट घेऊ, जी बाकी कोणाची घेत नव्हते. तोही कोर्टात गेला. मग जानेवारी २०१७ मध्ये नियम बदलला. म्हणजे एकेका माणसाने एकेक केस लढून मिळवलेलं आहे हे, कोणी ताटात वाढलेलं नाही.

आणि न्यूयॉर्कच्या सबवेची केस तर अशी आहे की हसावं का रडावं. केव्हिन हॅरिंग्टन, आयरिश वंशाचा, शीख झालेला मोटरमन. ९/११ ला याने भरलेली गाडी उलटी मागे आणून प्रवासी वाचवले. २००४ मध्ये त्याच कंपनीने सांगितलं की पगडी काढ नाहीतर यार्डात जा, लोकांना दिसू नको. मग म्हणाले बरं राहू दे, पण पगडीवर आमचा लोगो लाव. खटला २०१२ पर्यंत चालला तेव्हा कुठे लोगो गेला. यात कुठलं सेफ्टी आलं साहेब? सील कशाचा बसत नव्हता?

नियम_म्हणजे_नियम

लोगोचं मूर्खपणाचं होतं, मान्य. सैन्याचं मान्य नाही. त्वचेच्या रोगाला पर्याय नसतो, श्रद्धेला असतो.

भूलतज्ज्ञ_बाई

इंग्लंडमधल्या लेस्टरहून. @नियम, तुमच्या शेवटच्या वाक्यावर कोणी शीख माणूस म्हणेल की पर्याय नाही म्हणूनच तर ती श्रद्धा आहे. पण ते सोडा, मी भूलतज्ज्ञ आहे आणि कोविडमध्ये हेच सगळं अंगावर घेतलंय म्हणून लिहिते. टाइट मास्कची फिट टेस्ट दाढीवर फेल होते हे शंभर टक्के खरं. मॉन्ट्रियलमध्ये दोन डॉक्टर भावांनी पेशंट बघता यावेत म्हणून आयुष्यात पहिल्यांदा दाढी काढली, २०२० ची गोष्ट, वाचून मला रडू आलं होतं. पण त्याच वर्षी इथल्या शीख डॉक्टरांनी 'ठाठा' वापरून बघितला, म्हणजे दाढी बसवायला बांधतात ती पट्टी, त्याच धर्तीवर रबरी पट्टी हनुवटीखालून घट्ट बांधायची आणि वरून मास्क. बहुतेकांची टेस्ट पास झाली. डोक्यावर हुड घालून आत हवा सोडणारी मशिनं पण असतात पण ती महाग आणि वॉर्डात कधी सापडत नाहीत. तर फिजिक्स खरं आहे पण फिजिक्स म्हणून हात झटकायच्या आधी कोणीतरी पट्टी बांधून बघायला पाहिजे ना.

आता माझी कडू गोळी. ब्रिटनमध्ये १९७६ पासून पगडीधारी शिखांना मोटरसायकलवर हेल्मेटची सक्ती नाही, १९८९ पासून बांधकामावर पण नाही. ही सवलत मला पटत नाही. डोक्याला मार लागलेले पेशंट मी टेबलवर घेतलेत. मी हे माझ्या शीख सहकाऱ्यांसमोर बोलते, ते माझ्याशी भांडतात, मग आम्ही जेवायला जातो.

नांदेडी

सगळे अमेरिका आणि इंग्लंडवर बोलून राहिले म्हणून मी जरा घरचं बोलतो. मी शीख आहे, नांदेडचा, आमच्या चार पिढ्या इथेच, घरी दखनी बोलतो आणि बाहेर मराठी. पुण्यात इंजिनिअरिंगला होतो तेव्हा पहिल्या आठवड्यात नाव पडलं 'बारा वाजले'. दुपारी बारा वाजता वर्गातलं पोरगं मोबाईल काढून मला दाखवायचं, रोज, चार वर्षं. मारलं कोणी नाही, जेवायला पण घेऊन जायचे, घरच्या लग्नाला बोलवायचे. पण इतिहासाच्या तासाला मी हात वर केला की आधी हशा व्हायचा आणि मग प्रश्न ऐकायचे.

दिल्लीच्या वकील हरविंदर चौधरी यांनी सरदारजी जोकवर सुप्रीम कोर्टात याचिका टाकली, तर बातमी वाचून माझ्याच रूममेटने म्हटलं, बघा, सरदारांना जोक कळत नाही. हाच जोक झाला. २०१७ मध्ये कोर्ट म्हणालं लोकांनी कसं वागावं याचे नैतिक नियम आम्ही घालू शकत नाही, आणि मला विचाराल तर कोर्टाचं बरोबर होतं, जोक काय बंदीने थांबतो का. पण २०२४ मध्ये पुन्हा त्याच विषयावर सुनावणी झाली म्हणजे दुखणं काही गेलेलं नाही.

पेठेतला_पाहुणा

नांदेडीशेठ, दिवे घ्या (म्हणजे गमतीत घ्या) पण जोक तर पुणेकरांवर पण होतात, कोकण्यांवर होतात, मारवाड्यांवर होतात. आम्ही कुठे कोर्टात गेलो? आणि महाराष्ट्रात तर शिखांबद्दल प्रेमच आहे हो, नामदेव महाराजांचे ६१ शबद गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आपलं नातं सातशे वर्षांचं!

नांदेडी

दिवे घेतले. पण भाऊ, हे नामदेवांचं एक बरं आहे, विषय अडचणीत आला की लोक नामदेव महाराजांना पुढे करतात. आमच्या गुरुद्वारा बोर्डाचं २०२४ च्या फेब्रुवारीत झालं ते तुम्हाला माहितीय का? हजूर साहिबचा कारभार १९५६ च्या कायद्याने चालतो, सरकारने ठरवलं की १७ पैकी १२ मेंबर आम्ही नेमणार. आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा थांबलं. तेव्हा सातशे वर्षांचं नातं कुठे होतं?

आणि पुणेकरांच्या जोकचं. दुपारी एक ते चार झोपण्यावर जोक झाला म्हणून कुठल्या पुणेकराला बसमधून ओढून बाहेर काढलंय का कोणी? १९८४ ला दिल्लीत मारलेल्या शिखांचा सरकारी आकडाच २७३३ आहे. त्यात जोक करणाऱ्यांचा हात होता असं मी म्हणत नाही. फक्त पगडी लांबून दिसते. जोक करणाऱ्याला पण दिसते आणि ओढणाऱ्याला पण. त्यातल्या काँग्रेस नेत्या सज्जनकुमारला जन्मठेप झाली २०१८ मध्ये, चौतीस वर्षांनी, फुलका वकिलांसारखी माणसं आयुष्यभर तेच करत बसली म्हणून झाली.

काडीपेटी

सगळे गोग्गोड बोलताय. खलिस्तानबद्दल कोणी बोलणार आहे का? २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आपल्या वकिलातीला आग लावायचा प्रयत्न झाला, त्याच वर्षी तिकडेच मंदिराच्या भिंतीवर घोषणा फासल्या. नागरी हक्क पाहिजेत तर आधी स्वतःच्या घरातलं झाडा.

खाडीवाला

त्या मंदिरापासून मी वीस मिनिटांवर राहतो, चीड मला पण आली. आग लावणाऱ्याला आत टाका, माझी तक्रार नाही. पण माझ्या मुलीच्या शाळेत पटका बांधलेल्या मुलाचा पटका ओढतात तो सातवीत आहे, त्याने काय झाडायचं? ट्रकच्या अपघाताचं पण तेच, चूक केली असेल तर त्या ड्रायव्हरला शिक्षा करा, लायसन्स तपासा, भाचा का घाबरतोय?

आणि एक गोष्ट आपल्या कामाची सांगतो. ५ ऑगस्ट २०१२ ला विस्कॉन्सिनमध्ये ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्यात लंगरची तयारी चालू असताना गोळीबार झाला, सहा जण गेले, सातवे, एक ग्रंथी (ग्रंथसाहिबाचा पाठ करणारे), आठ वर्षं अंथरुणावर राहून २०२० मध्ये गेले. तोपर्यंत एफबीआयच्या फॉर्मवर शिखांविरुद्धच्या गुन्ह्याला रकानाच नव्हता! आई गमावलेल्या अठरा वर्षांच्या हरप्रीतसिंग सैनीने सिनेटसमोर जाऊन तो रकाना मागितला. २०१५ पासून तो आला, आणि त्याच खेपेला हिंदू आणि अरब यांचे रकाने पण आले. मंदिराच्या भिंतीची तक्रार आज ज्या रकान्यात जाते ना, तो तेव्हाचा आहे.

काडीपेटी

हे माहीत नव्हतं. तरी माझा प्रश्न तसाच आहे.

नांदेडी

राहू दे तसाच. माझा पण आहे.

भूलतज्ज्ञ_बाई

@खाडीवाला, पाजींना शेवटी काय उत्तर दिलंत?

खाडीवाला

काही नाही दिलं. काल गाडी आणायला गेलो तर वेगळंच निघालं. २००१ मध्ये पाजी टॅक्सी चालवायचे, तेव्हा त्यांनी दोन्ही खिडक्यांना अमेरिकेचे झेंडे लावले होते, चार वर्षं काढले नाहीत, फाटले की नवीन आणायचे. आता भाच्याच्या मागे लागलेत की ट्रकला झेंडा लाव, दिसेल असा मोठा. भाचा म्हणतो शेजारच्या ट्रकवाल्याने लावलाय का, मग मी का लावू. त्याचा जन्म इथलाच, फ्रेस्नोचा आहे. मामा-भाच्याचं आठवडाभर बोलणं बंद आहे आणि ऑइल चेंजचे मला वीस डॉलर जास्त लागले, बहुतेक त्या रागात.

पेठेतला_पाहुणा

मी मामाच्या बाजूने. लाव म्हणावं झेंडा, गप घरी ये.

नांदेडी

मी भाच्याच्या.