प्रतिसाद: स्कॉटिश पार्लमेंट 1999, यादीतल्या जागा

'यादीतले 56 सदस्य म्हणजे हरलेल्यांना मागच्या दाराने प्रवेश' असं वर कुणीतरी म्हटलंय, ते पटत नाही. या पार्लमेंटच्या 129 जागांपैकी 73 मतदारसंघांतून आणि 56 पक्षांनी दिलेल्या उमेदवारांच्या यादीतून भरतात; यादीसाठी मतदार वेगळं मत देतो. मे 1999 मध्ये सुमारे 39 टक्के मतांवर लेबर पक्षाने 73 पैकी 53 मतदारसंघ जिंकले होते. यादी नसती तर तेच एकहाती राज्य. यादीच्या जागा आठ विभागांत सात-सात. प्रत्येक फेरीत पक्षाच्या यादीमतांना त्याच विभागात आधी मिळालेल्या जागा अधिक एक, एवढ्याने भागायचं. ज्याचा भागाकार मोठा, जागा त्याची. ग्लासगोत लेबरने दहाही मतदारसंघ जिंकल्यामुळे त्यांचा पहिलाच भागाकार 11 ने झाला, आणि सातही जागा इतरांकडे गेल्या. एकूण चित्र: लेबर 56, एसएनपी (स्कॉटिश नॅशनल पार्टी) 35, काँझर्व्हेटिव्ह 18 (सगळे यादीतूनच!), लिबरल डेमोक्रॅट 17, ग्रीन, स्कॉटिश सोशलिस्ट आणि अपक्ष प्रत्येकी 1. बहुमताला 65 हवेत, म्हणून लेबर आणि लिबरल डेमोक्रॅट आघाडी, 73 ची. त्यातून पार्लमेंटचे अध्यक्ष झालेले डेव्हिड स्टील वजा करा, कारण अध्यक्ष समसमान मतं पडली तरच मत देतो.

चर्चेत न आलेली गोष्ट पोटनिवडणुकीची. मतदारसंघ रिकामा झाला तर पोटनिवडणूक होते, पण यादीचं गणित पुन्हा मांडत नाहीत. मार्च 2000 मध्ये एअर (Ayr) हा मतदारसंघ लेबरकडून काँझर्व्हेटिव्हकडे गेला; ते 19 झाले, लेबर 55, लेबरला यादीतून भरपाई शून्य. यादीतला सदस्य गेला तर मात्र त्याच यादीतलं पुढचं नाव आत येतं, मतदान नाही. आणि तो अपक्ष म्हणून निवडून आलेला असेल, तर जागा पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रिकामीच.