काजार काळातल्या इराणी लग्नकरारात लिहिलेली जमीन बायकोला खरंच मिळायची का?

कुळागरातली
नमस्कार मंडळी, माझं लग्न ठरलंय आणि महिनाभर घरात एकच विषय, लग्नाआधी नोटरीकडे जाऊन करार करायचा की नाही, कारण गोव्यात फोंड्याला आमचं थोडं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे आणि बाबांना वाटतं ते वेगळं राहावं. त्यावरच वाचता वाचता नेटवर एका जुन्या इराणी निकाहनाम्याचा फोटो दिसला, एकोणिसाव्या शतकातला, काजार घराण्याच्या राजवटीतला. चारी बाजूंनी सोनेरी वेलबुट्टी, मधे बारीक फारसी अक्षर, समासात ठिकठिकाणी शिक्के उमटवलेले, मी बघतच राहिले. खाली सारांश होता, त्यात मेहेर म्हणून (नवऱ्याने बायकोला द्यायचं धन) रोख तोमान म्हणजे इराणी नाणी, कुराणाची प्रत आणि एका गावाचे तीन दांग असं लिहिलेलं. हे दांग काय? आणि ही जमीन बाईच्या हातात यायची की नुसती कागदावर? आपल्या गोव्यासारखं नवराबायकोचं अर्धं अर्धं होतं का तिथे?

जुना दस्त
दांग म्हणजे सहावा हिस्सा. तिकडे घर असो, बाग असो की अख्खं गाव, सगळं सहा दांगांचं धरतात, आपण सोळा आणे म्हणतो तसं. म्हणजे तीन दांग हे निम्मं गाव झालं, थोडंथोडकं नव्हे! गावाबरोबर कनातीच्या पाण्याचा वाटाही यायचा, त्या कोरड्या मुलखात पाण्याशिवाय जमिनीला काय किंमत (कनात म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारा बोगदा, औरंगाबादची नहर-ए-अंबरी त्यातलीच).

अर्धं अर्धं मात्र अजिबात नाही. शिया कायद्यात लग्नाने मालमत्ता एकत्र होतच नाही, बायकोचं ते बायकोचं, ती विकेल, खंडाने देईल, वक्फ करेल, नवऱ्याची सही लागत नाही. पण खरी गोम वारशात आहे. नवरा गेला की विधवेला मुलं असतील तर आठवा हिस्सा, नसतील तर चौथा, बायका दोन तीन असल्या तर तोच हिस्सा सगळ्यांत वाटायचा, आणि बहुतेक शिया फकिहांच्या, म्हणजे धर्मशास्त्र्यांच्या, मते त्यात जमीन येतच नाही, घराची नि झाडांची फक्त किंमत मिळते. म्हणून माहेरची माणसं मेहेरातच जमीन लिहून घ्यायला बघत. मेहेर हे नवऱ्यावरचं कर्ज, वारसांच्या वाटण्या व्हायच्या आधी ते फेडायचं.

डिचोलीकर
ताई, आपल्याकडे नेमकं उलटं. 1867 च्या पोर्तुगीज कोडापासूनचा, म्हणजे नागरी कायद्यापासूनचा, नियम आहे, करार केला नाही तर काही न लिहिताच तुम्ही अर्ध्या मालकीण, माहेरचं सासरचं सगळं धरून. आणि करार केलात तर तो लग्नाआधीच, नंतर बदलता येत नाही, म्हणून घाईत सही करू नका. माझ्या मावशीच्या नवऱ्याने भाट (माडांची बाग) विकायला काढलं होतं, गिऱ्हाईक दारात येऊन बसलं, मावशी म्हणाली मी सही करणार नाही, तिथेच विषय संपला. ते माड अजून उभे आहेत.

वाटेवरचा
जुना दस्त यांचं बरोबर, पण कागद आणि ताबा यात फरक पडायचाच. मोठ्या घरातली बाई पडद्यात, गावाचा वसूल आणणार मुबाशिर, म्हणजे जमीनदाराचा कारभारी, आणि तो ऐकणार नवऱ्याचं नाहीतर भावाचं. शिवाय बाईला स्वतःहून घटस्फोट हवा असला तर नवऱ्याला राजी करायला बहुतेक वेळा मेहेरच सोडावा लागे, फारसीत म्हणच आहे, 'मेहरम हलाल, जानम आजाद', मेहेर तुला माफ, माझा जीव मोकळा. ही म्हण मला नेहमी बोचते, किती जणींच्या तोंडी आली असेल. आणि बापाकडून मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा मिळायचा, त्यात जमीनही येते, म्हणून तर चुलत्यांच्या घरातच सोयरीक, जमीन घरच्या घरात राहायला.

कुळागरातली
सगळ्यांना देव बरें करूं. वारशात जमीन नाही हे मला माहीतच नव्हतं, आता त्या तीन दांगांकडे वेगळ्याच नजरेने बघतेय. शेजारी एक आजोबा उर्दू वाचतात, उद्या प्रिंट काढून त्यांच्याकडे नेते, पाण्याचा वाटाही लिहिलाय का ते बघायचंय. आणि बाबांना डिचोलीकरांच्या मावशीची गोष्ट आज जेवताना सांगणार आहे.