शब्दचर्चा : ‘फ्रेंच’, ‘फ्रेंचभाषक’ की ‘फ्रँकोफोन’?

अनुस्वार :
बातम्यांत ‘फ्रेंच आफ्रिका’ हा शब्दप्रयोग सर्रास दिसतो. मूळ शब्द ‘फ्रँकोफोन’ असतो, म्हणजे फ्रेंच बोलणारा. पण ‘फ्रेंच आफ्रिका’ वाचलं की सेनेगल, कॅमेरून अजून फ्रान्सच्याच ताब्यात आहेत असं वाटतं. ‘फ्रेंच गायिका’ म्हणून छापलेली बाई बेल्जियमची निघते, ती याच घोळामुळे. मराठीत ‘फ्रेंच’ हा एकच शब्द भाषा, माणूस आणि ‘फ्रान्सचा’ अशी तीन कामं करतो, तिथे हे चौथं लादायचं की वेगळा शब्द घ्यायचा?

कोशकीटक :
वेगळाच घ्यावा. बोलणारा माणूस तो ‘फ्रेंचभाषक’, विशेषण हवं असेल तर ‘फ्रेंचभाषी’ (फ्रेंचभाषी प्रांत, फ्रेंचभाषी वाचक). ‘फ्रेंच भाषिक’ मात्र टाळा. भाषिक म्हणजे भाषेसंबंधीचा : भाषिक वाद, भाषिक अल्पसंख्याक. ‘मराठी भाषिक’ इतकं रुळलंय की ते आता कोणी मागे घेणार नाही, पण नवा शब्द घडवताना जुनी चूक कशाला सोबत घ्या?

फ्रँकोफोन हा शब्द ओनेझीम रक्लू या फ्रेंच भूगोलकाराने 1880 च्या सुमारास वापरात आणला. माणसांची वर्गवारी वंशावरून न करता भाषेवरून करायची, ही त्याची कल्पना. त्यातून ‘फ्रँकोफोनी’ आला आणि इथे अनुवादकाचा पाय घसरतो. फ्रेंचमध्ये हा शब्द छोट्या अक्षराने सुरू झाला तर अर्थ होतो फ्रेंच बोलणाऱ्यांचा एकूण समुदाय. मोठ्या अक्षराने सुरू झाला तर ती राष्ट्रांची संघटना. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, म्हणून पहिल्या अर्थी ‘फ्रेंचभाषक जग’ आणि दुसऱ्या अर्थी ‘फ्रँकोफोनी संघटना’ असं स्पष्ट लिहावं.

दोन्हींत फरक किती? या संघटनेचं मूळ 20 मार्च 1970 रोजी नायजरची राजधानी नियामे इथे झालेल्या करारात आहे. पुढाकार सेनेगलचे सेंघोर, ट्युनिशियाचे बुर्गिबा, नायजरचे दियोरी या राष्ट्राध्यक्षांचा, म्हणजे नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशांचा. आज व्हिएतनाम, रोमानिया, बल्गेरिया, इजिप्त हेही सदस्य आहेत. तिथे रस्त्यात फ्रेंच बोलून बघा! उलट अल्जीरियात फ्रेंच जागोजाग ऐकू येते, पण तो देश सदस्य नाही आणि फ्रेंचला तिथे राजभाषेचा दर्जाही नाही. तेव्हा सदस्यांची यादी घेऊन ‘इतक्या देशांत फ्रेंच बोलतात’ असं वाक्य लिहू नये.

पाणपोई :
मग एकूण आकडा कोणता धरायचा? 32 कोटी ठिकठिकाणी वाचायला मिळतो.

कोशकीटक :
तो त्या संघटनेच्याच 2022 च्या अहवालातला : 32 कोटी 10 लाख. आकडा वापरा, पण शेजारी ‘फ्रेंच बोलू शकणारे’ असं लिहा. ‘मातृभाषा फ्रेंच असलेले’ लिहिलं की वाक्य खोटं ठरतं. आफ्रिकेतल्या बहुतेकांनी ती शाळेत शिकलेली असते, त्यामुळे शाळा वाढल्या की आकडा वाढतो.

शिलालेख :
‘फ्रेंचभाषक देश’ हा शब्दही जपूनच. कायद्यातली फ्रेंच, शाळेतली फ्रेंच आणि घरातली फ्रेंच या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सेनेगलची राजभाषा फ्रेंच, पण डकारच्या बाजारात घासाघीस चालते ती वोलोफमध्ये. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची राजधानी किन्शासा हे शहर फ्रेंच जाणणाऱ्यांच्या संख्येत पॅरिसच्या बरोबरीने मोजलं जातं, मात्र तिथल्या गाण्यांची आणि गल्लीची भाषा लिंगाला. त्या देशाच्या घटनेत फ्रेंच राजभाषा आहे आणि लिंगाला, स्वाहिली, किकोंगो, चिलुबा या चार राष्ट्रीय भाषा. याउलट आयव्हरी कोस्टच्या आबिजान किंवा गॅबॉनच्या लिब्रव्हीलमध्ये कित्येक मुलांची घरची भाषाच फ्रेंच झाली आहे. हैतीत 1987 च्या घटनेने क्रेओल (फ्रेंचमधून घडलेली तिथली भाषा) आणि फ्रेंच दोन्हींना राजभाषा मानलं, बोलतात मात्र सगळे क्रेओल.

दर्जा बदलतही असतो. मालीने 2023 च्या नव्या घटनेत फ्रेंचला राजभाषेवरून ‘कामकाजाची भाषा’ या पायरीवर आणलं, पाठोपाठ बुर्किना फासो आणि नायजरनेही. मार्च 2025 मध्ये या तिघांनी फ्रँकोफोनी संघटना सोडत असल्याचं जाहीर केलं. म्हणून जुन्या पुस्तकातून यादी उतरवून घेऊ नका. ‘राजभाषा’, ‘कामकाजाची भाषा’, ‘राष्ट्रीय भाषा’ हे तीन शब्द मराठीतही अदलाबदल न करता वापरा.

अनुस्वार :
नायजरचं विशेषण कसं करायचं? ‘नायजेरियन’ लिहिलं की शेजारचा नायजेरिया होतो.

शिलालेख :
फ्रेंचमध्ये फरक एका अक्षराचा : नायजरचा तो ‘नीझेरियँ’, नायजेरियाचा ‘नीझेरियाँ’. मराठीत विशेषणाच्या फंदात न पडता षष्ठी वापरावी, ‘नायजरचा’, ‘नायजेरियाचा’, की गोंधळ मिटला. काँगोही दोन आहेत, एकाच नदीच्या दोन काठांवर समोरासमोर राजधान्या, दोन्हीकडे राजभाषा फ्रेंच. ‘काँगो-किन्शासा’ आणि ‘काँगो-ब्राझाव्हील’ असं लिहिलं तरच वाचकाला कळतं. गिनीची राजभाषा फ्रेंच, गिनी-बिसाऊची पोर्तुगीज, दक्षिण अमेरिकेतल्या गयानाची इंग्रजी, आणि त्याच किनाऱ्यावरचा फ्रेंच गयाना तर आजही फ्रान्सचाच भाग. तिथे ‘फ्रेंच’ हे विशेषण अगदी बरोबर.

रेवडी :
आकड्यांचा विषय कुणी काढलाच नाही! माणूस कुठल्या गावचा ते सत्तरच्या पुढे मोजायला लावलं की कळतं. फ्रान्समध्ये 70 म्हणजे ‘स्वासाँत-दिस’ (साठ-दहा), 80 म्हणजे ‘कात्र-व्हँ’ (चार विसा), 90 म्हणजे ‘कात्र-व्हँ-दिस’ (चार विसा दहा). बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये 70 ला ‘सेप्ताँत’, 90 ला ‘नोनाँत’ आणि 80 ला ‘युईताँत’.

कोशकीटक :
80 पुरती दुरुस्ती. बेल्जियन लोक सेप्ताँत, नोनाँत म्हणतात, पण 80 ला फ्रान्ससारखंच कात्र-व्हँ. जिनिव्हातही तेच. युईताँत ऐकू येतं ते व्हो, व्हाले, फ्रीबूर या स्विस कँटनांत, म्हणजे प्रांतांत. काँगो-किन्शासा, रवांडा, बुरुंडी इथे बेल्जियमची सत्ता होती, म्हणून सेप्ताँत-नोनाँत तिथवर पोचले. कॅनडात मात्र फ्रान्सचीच पद्धत.

रेवडी :
मान्य, जिनिव्हा विसरायला नको होतं. आता प्रत्यक्षात चूक कुठे होते ते सांगते. फ्रान्समध्ये दहा आकडी फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या पाच जोड्या करून सांगतात. 76 सांगताना माणूस ‘स्वासाँत-सेझ’ म्हणतो, म्हणजे साठ-सोळा. शिकाऊ माणूस ‘स्वासाँत’ ऐकताक्षणी 60 लिहून मोकळा होतो, मग 16, आणि नंबर बारा आकडी होतो. उपाय एकच : ‘स्वासाँत’ ऐकलं की फक्त जागा सोडायची आणि पुढचा शब्द ऐकूनच लिहायचं. पुढे दहा ते एकोणीसमधलं काही आलं तर 7, एरवी 6. ‘कात्र-व्हँ’ला तसंच, 8 की 9 हे पुढचा शब्द ठरवतो.

लिहिण्यातली मेख वेगळी. 71 मध्ये ‘आणि’ येतो (साठ आणि अकरा), 81 आणि 91 मध्ये येत नाही. नुसत्या 80 मधल्या ‘वीस’ला अनेकवचनाचा ‘स’ लागतो, पुढे आकडा आला की गळतो.

पाणपोई :
विसांनी मोजणं आपल्याकडेही होतंच की. ‘चार विसा’ म्हणणारी जुनी माणसं, कोडीने मोजायचे व्यवहार. पॅरिसमध्ये ‘कँझ-व्हँ’ नावाचं डोळ्यांचं रुग्णालय आहे, म्हणजे ‘पंधरा विसा’. तेराव्या शतकात नवव्या लुईने तीनशे अंधांसाठी ते काढलं, त्या तीनशेचं हे नाव.

रेवडी :
हो, आणि 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘बावीस’बरोबर ‘वीस दोन’ दिल्यावर केवढा गदारोळ झाला होता! सेप्ताँतवाले आणि स्वासाँत-दिसवाले यांच्यातली कुरबुर त्याच जातीची. फरक इतकाच की तिकडे सोपी पद्धत जुनी आहे, नंतर घडवलेली नाही. शिवाय आपण हसण्यात अर्थ नाही : 79 ला एकोणऐंशी, 89 ला एकोणनव्वद आणि 99 ला मात्र नव्व्याण्णव, हे कुठल्या नियमात बसतं?

अनुस्वार :
आकड्यांसारखे नेहमीच्या शब्दांतही फरक आहेत का? कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातला मजकूर अनुवादाला आला तर कशाची भीती?

कोशकीटक :
जेवणाची! ‘दिने’ फ्रान्समध्ये रात्रीचं जेवण. क्वेबेक, बेल्जियम, स्वित्झर्लंडमध्ये दुपारचं. तिथे रात्रीच्या जेवणाला ‘सुपे’ आणि सकाळच्या न्याहारीला ‘देझने’ म्हणतात, तर फ्रान्समध्ये देझने दुपारी असतं. आमंत्रणपत्रिकेचा अनुवाद करताना आधी पत्ता बघा, मग वेळ लिहा. ‘देपानर’ फ्रान्समध्ये बंद पडलेली गाडी दुरुस्त करायला येणारा. क्वेबेकमध्ये उशिरापर्यंत उघडं असणारं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. ‘देपानरकडून दूध आणलं’ या वाक्यात मेकॅनिक घालणारे अनुवाद होऊ शकतात. मोबाइल फ्रान्समध्ये ‘पोर्ताब्ल’, बेल्जियममध्ये ‘जेएसएम’, स्वित्झर्लंडमध्ये ‘नातेल’, क्वेबेकमध्ये ‘सेल्युलेर’. पेट्रोल पंपाला सेनेगलमध्ये ‘एसाँसरी’ म्हणतात. तो शब्द तिथेच घडलेला.

क्वेबेकच्या थांबाफलकावर ‘आरे’ लिहिलेलं असतं, खुद्द फ्रान्समध्ये मात्र ‘स्टॉप’. 1977 च्या भाषाकायद्याने क्वेबेकमध्ये फ्रेंच जपली जाते, कारण चहूबाजूंनी इंग्रजी. फ्रान्सला ती धास्ती तेवढी नाही.

पाणपोई :
मॉरिशसचं काय? तिथे मराठी वंशाचे लोक आहेत म्हणून विशेष विचारतोय. ‘मॉरिशसचे मराठी लोक फ्रेंच बोलतात’ असं लिहिलेलं दिसतं.

शिलालेख :
अर्धवट बरोबर. घरात आणि बाजारात बहुतेकांची भाषा मॉरिशियन क्रेओल. वर्तमानपत्रं प्रामुख्याने फ्रेंच. संसदेची अधिकृत भाषा घटनेच्या 49 व्या कलमानुसार इंग्रजी, पण सदस्याला अध्यक्षांना उद्देशून फ्रेंचमध्येही बोलता येतं. मराठी हा शाळांत शिकवला जाणारा विषय. ब्रिटिशांनी 1810 मध्ये बेट घेतलं तेव्हा शरणागतीच्या अटींतच रहिवाशांचे कायदे आणि चालीरीती राखल्या, त्यामुळे इंग्रज सरकार असूनही फ्रेंच टिकली.

क्रेओलला ‘मोडकी फ्रेंच’ म्हणू नये, तिचं व्याकरण स्वतंत्र आहे. फ्रेंचमधली उपपदं तिथे शब्दाला कायमची चिकटलीत : पाणी ‘दिलो’, भात ‘दिरी’, घर ‘लाकाझ’, पक्षी ‘झ्वाझो’. ‘मो पे मांझे’ म्हणजे ‘मी जेवतोय’. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही, चालू काळ दाखवायला नुसता ‘पे’ येतो.

रेवडी :
जुन्या मराठी कागदांत ‘फरासीस’ भेटतो, तोच वापरला तर?

कोशकीटक :
ऐतिहासिक लेखनात शोभेल. त्या कागदांत फिरंगी म्हणजे मुख्यतः पोर्तुगीज, आणि फरासीस म्हणजे फ्रेंच, असा भेद आहे. खरं तर ‘फिरंगी’च्या मुळाशीही ‘फ्रँक’च आहेत, अरबी-फारसीतून आलेले. अठराव्या शतकातल्या बुसी या फ्रेंच सेनापतीला आपले लोक ‘मुसा बुसी’ म्हणत. तो ‘मुसा’ म्हणजे ‘मस्यू’, श्रीयुत. हैदराबादच्या मूसारामबागेतला मूसाराम हाही निजामाच्या पदरचा फ्रेंच सेनानी मस्यू रेमाँच. बुसीच्या हाताखाली तयार झालेल्या इब्राहिमखानाला चिकटलेला ‘गारदी’ हा शब्द फ्रेंच ‘गार्द’वरून आला, असं सहसा मानतात. आणि फरसबी ही फ्रेंच बीन, जी मुळात अमेरिका खंडातली. नावं ठेवण्यात कुणीच चोख नव्हतं.

पाणपोई :
एक शेवटचं. पुदुच्चेरीला फ्रेंचभाषी म्हणायचं का?

शिलालेख :
नाही, ‘पूर्वीची फ्रेंच वसाहत’ म्हणायचं. व्यवहार तमिळमध्ये, त्याच केंद्रशासित प्रदेशातल्या माहे इथे मल्याळममध्ये, यानममध्ये तेलुगूत. प्रत्यक्ष हस्तांतर 1 नोव्हेंबर 1954 ला झालं. 1956 च्या करारात (तो 1962 मध्ये लागू झाला) लोकप्रतिनिधी वेगळं ठरवत नाहीत तोवर फ्रेंच राजभाषा राहील असं कलम आहे. त्यामुळे कागदावर फ्रेंचचा उल्लेख सापडतो. तो उल्लेख धरून तिथल्या लोकांना फ्रेंचभाषक ठरवू नका.