लॅपटॉप चार्ज होत नाही, बजेट २,०००, काय करू?

छत्रीवाली: नमस्कार मंडळी. लॅपटॉप पाच वर्षांचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडेच वाहत जाईल. चार्जर लावला की लॅपटॉप चालतो, पण 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' येतं आणि आकडा वर चढत नाही. काल ४१ टक्के होता, रात्री लाईट गेली तेव्हा २६ वर आला, आता तिथेच बसलाय. हल्ली स्लोही फार झालाय. टायपिंगची कामं घेते आणि रत्नागिरीत पावसात लाईटीचा भरवसा नाही. बॅटरी घ्यावी का? २,००० च्या वर जाणार नाही.

घाटमाथा: बॅटरी गेली. पाच वर्षं म्हणजे खूप झाली. ओरिजिनलच घ्या, पाच-सहा हजार जातील, पण डोक्याला ताप नाही.

निम्मा_चहा: मी मागच्या दिवाळीत मॅकबुक एअर घेतला. चार्जर कुठे ठेवलाय हेही आठवत नाही. सहज सांगितलं.

जुनं_खोड: दिवसभर चार्जिंगला लावून ठेवत असाल. बॅटरी पूर्ण उतरवा, मग एका दमात १०० करा. सवय लागते बॅटरीला.

अणुरेणू: काका, ती सवय जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीची. लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन असते, तिला शून्यावर नेणं उलट वाईट. आणि चार्जच होत नाही म्हणतायत त्या, मग १०० कशा करणार?

जुनं_खोड: माझा २०११ चा लॅपटॉप आजही चालतोय.

अणुरेणू: चार्जर लावूनच ना?

जुनं_खोड: हो. मग?

टेकडीवरून: खरेदीच्या आधी फुकटातलं करून घ्या. (१) कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ६० किंवा ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते. २६ वर अडकलंय म्हणजे ते कारण नसावं, तरी बघा. (२) बंद करून चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, परत लावा. (३) कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग स्पेस, मग स्लॅश बॅटरीरिपोर्ट, सगळं इंग्रजीत. जी फाइल तयार होते तिच्यात डिझाइन कपॅसिटी (बॅटरी नवी असतानाची) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आताची) असे दोन आकडे दिसतील. ते इथे टाका.

मिरजेचा_भडंग: ते सगळं नंतर. आधी टचपॅड वर आलाय का बघा! माझा आला होता, क्लिक होईना. मी खाली धूळ अडकली समजून महिनाभर अंगठ्याने दाबत बसलो. उघडल्यावर बघतो तर बॅटरी पुरीसारखी फुगलेली. दुरुस्तीवाला मलाच ओरडला. फुगली असेल तर चार्जिंग बंद, टोचायची नाही, ओल्या कचऱ्यात टाकायची नाही.

ऑफलाइन_आहे: फ्रीजरमध्ये ठेवून बघा रात्रभर.

अणुरेणू: अजिबात नको. बाहेर काढल्यावर आत पाणी धरेल.

घाटमाथा: लॅमिंग्टन रोडला १,५०० मध्ये बॅटरी मिळते, पण डुप्लिकेट निघायची शक्यता जास्त. म्हणून म्हणतो, ओरिजिनल.

छत्रीवाली: सगळ्यांचे आभार. टचपॅड सपाट आहे. लिमिट लावलेलं नाही. बटण दाबून झालं, फरक नाही. डिझाइन ४१,०४०, फुल चार्ज २७,३००. जुना चार्जर पिल्लाने चावला, तेव्हा बाजारातून ६०० चा घेतला होता, तो व्यवस्थित चालतोय.

टेकडीवरून: अहो ताई, हे पहिल्या ओळीत हवं होतं! बॅटरीत दोन तृतीयांश जीव आहे, ती मेलेली नाही. चार्जरच्या गोल पिनेत मध्ये बारीक सुई आहे का? डेल, एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत त्या सुईतून लॅपटॉपला कळतं की चार्जर किती वॅटचा आहे. स्वस्तातल्या चार्जरमध्ये ती चिप धड नसते किंवा सुई वाकते. मग चार्जर न ओळखल्यामुळे लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही, प्रोसेसरचा वेगही कमी ठेवतो. तुमचं स्लो होणं त्यातलंच वाटतंय. चालू होताना एफ२ किंवा एफ१० दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंगमध्ये जा, अ‍ॅडॉप्टरचा प्रकार दाखवत असेल तर वाचा.

घाटमाथा: मी पहिल्यापासून चार्जरच म्हणत होतो.

मिरजेचा_भडंग: वर जाऊन वाचा दादा.

सहा_वाजता: पुरवणी: पिन गोल नसून टाइप-सी असेल तर मोबाइलच्या छोट्या चार्जरवर हेच होतं. ४५ किंवा ६५ वॅटचा लागतो.

छत्रीवाली: पिन गोलच आहे, सुई दिसली, किंचित तिरकी. बायोसमध्ये अ‍ॅडॉप्टरपुढे 'अननोन' येतंय. शेजारच्या काकांचा लॅपटॉप याच कंपनीचा, त्यांचा ६५ वॅटचा चार्जर लावला तर चढायला लागला! पण ओरिजिनल २,६०० सांगतायत. तेव्हा ठरलं असं: दिवसा माझा चार्जर, रात्री काकांचा आणायचा. काकू हो म्हणाल्यात.

टेकडीवरून: बजेटपेक्षा सहाशेच तर जास्त आहेत हो. आणि दिवसभर स्लोच राहणार तो.

छत्रीवाली: टायपिंगला स्पीड माझ्या बोटांचा लागतो.

अणुरेणू: काका गावाला गेले की?

छत्रीवाली: चार्जर घरीच ठेवून जातात.

निम्मा_चहा: काकांचं मॉडेल कुठलं? भाच्याला लॅपटॉप घ्यायचाय, बजेट २५,००० पर्यंत.

घाटमाथा: ४०,००० च्या खाली बघूच नका.